देवीचा शब्द, बाईचा शब्द

वैशाख शुद्ध पंचमी जवळ आली की डिचोली तालुक्यातल्या शिरगावच्या वाटेवर धोंड भेटू लागतात. व्रताचे सोवळे, हातात गोंडे बांधलेली वेताची काठी, गळ्यात मोगऱ्याच्या माळा. पंचमीची रात्र सरत येते तेव्हा होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून ते चालत जातात. एका बहिणीने रागाच्या भरात भावाला लाथ मारली होती, त्याचे हे प्रायश्चित्त. लाथ मारणारी लईराई, खाणारा खेतोबा. आपल्या हातून काय झाले हे कळल्यावर लईराईने स्वतःला शिक्षा ठोठावली, की दरवर्षी आगीतून चालेन. ती शिक्षा आजही तिचे भक्त भोगतात, आणि ती भोगायला मिळणे हा मान समजतात.

गावागणिक तपशील बदलतात. गाभा असा, की सात बहिणी आणि एक भाऊ या मुलखात आले आणि त्यांनी गावे वाटून घेतली. लईराई शिरगावला राहिली, केळबाय मुळगावला, महामाया मयेला. भाऊ खेतोबा वायंगिणीला. ही चारही गावे डिचोलीतली. मोरजाई पेडण्यात, समुद्राकाठच्या मोरजीला गेली. अजादीपा अंजदीव बेटावर, शीतळाई पाताळात. सातवी मिराबाई म्हापशाला गेली आणि ख्रिस्ती झाली. तीच मिलाग्रीस सायबीण. तिच्या फेस्ताला शिरगावच्या देवळातून तेल जाते, लईराईच्या जत्रेला म्हापशाहून फुले येतात. धर्मांतराच्या इतिहासातली एक मोठी जखम लोकांनी अशी नात्यात बांधून टाकली. बहीण परक्या घरी गेली म्हणून बहीण राहत नाही, असे थोडेच आहे?

मला या कथेतली दुसरी गोष्ट अधिक खुणावते. इथे मुलूख बायका वाटून घेतात. रागावतात बायका, चूक करतात बायका आणि न्यायही त्याच करतात. भाऊ आहे, पण कथा त्याची नाही. मग प्रश्न उरतो तो असा: जिच्या शब्दावर गाव चालतो अशी बाई कथेत असली, तर ती कथा सांगण्याचा अधिकार गावातल्या बाईला मिळतो का? मध्ययुगीन साहित्यातल्या स्त्रीपात्रांबद्दल जगभर जे लिहिले गेले ते या प्रश्नाभोवतीच फिरते. पेडणे-डिचोलीपुरता तो कोणी सलगपणे मांडलेला माझ्या वाचनात नाही. म्हणून हा आढावा.

आधी शब्द पाहू. इंग्रजीत 'ऑथर' आणि 'ऑथॉरिटी' एकाच लॅटिन मुळातून आलेले. मध्ययुगात ज्याचा शब्द प्रमाण तोच लेखक, आणि तो लॅटिनमध्ये लिहिणारा, बहुधा मेलेला, पुरुष. आपला 'अधिकार' त्याहून जुना आणि अवघड आहे. त्यात सत्ता आहे आणि पात्रताही आहे. अमक्याला वेदाचा अधिकार नाही असे आपण म्हणायचो तेव्हा त्याच्या हातात सत्ता नाही एवढेच म्हणायचे नसायचे. तो त्या ज्ञानाला लायकच नाही असे म्हणायचे असायचे. बाईला बोलायचे असेल तर तिला हे दोन्ही दरवाजे उघडावे लागत.

इंग्रजीत हे सर्वांत ठसठशीतपणे मांडले ते चॉसरने चौदाव्या शतकाच्या अखेरीस, 'कँटरबरी टेल्स'मधल्या बाथच्या बाईच्या तोंडून. पाच नवरे पाहिलेली, कापड विणणारी ही ॲलिसन. ग्रंथ काय म्हणतात ते बाजूला ठेवा, लग्नाबद्दल मी अनुभवाने बोलते, असे ती सुरुवातीलाच बजावते. तिचा पाचवा नवरा रोज रात्री दुष्ट बायकांच्या गोष्टींचे एक पुस्तक मोठ्याने वाची. एके दिवशी तिने त्याची पाने फाडली. त्याने तिला असे मारले की एक कान बहिरा झाला. शेवटी पुस्तक जळाले ते त्याच्याच हाताने. अधिकार म्हणजे पुस्तक आणि अनुभव म्हणजे तिचा बहिरा कान, असा हा सामना आहे. टीकाकारांचा खरा वाद मात्र पुढचा आहे. ही बाई बोलते ती पुरुषाने लिहिलेली वाक्ये. मग हा आवाज तिचा की चॉसरचा? काहींना ती मुक्त वाटते, काहींना पुरुषांनी रंगवलेल्या बडबड्या बाईचेच मोठे चित्र. मी पहिल्या बाजूला झुकतो, कारण स्त्रियांनी ग्रंथ लिहिले असते तर पुरुषांचे काय चित्र निघाले असते हा प्रश्न चॉसरने तिलाच विचारू दिला.

खऱ्या बायकांना वेगळी वाट शोधावी लागली. नॉर्विचच्या ज्युलियनला 1373 साली दुखण्यात दर्शने झाली आणि त्यांच्या बळावर तिने आयुष्यभर विचार करून ग्रंथ लिहिला. लिन गावच्या मार्जरी केंपला स्वतःची कहाणी सांगून दुसऱ्याकडून लिहून घ्यावी लागली. तिला धर्माधिकाऱ्यांपुढे उभे करून विचारले गेले, की तू बाई असून उपदेश कशी करतेस? तिच्या पुस्तकाची हस्तलिखित प्रत कुणा घरात पडून होती. ती ओळखली गेली 1934 मध्ये. आणि 'पर्ल' या निनावी काव्यात तर बालपणीच वारलेली मुलगी शोकाकुल बापाला स्वप्नात परमार्थ शिकवते. थोडक्यात, बाईला अधिकार मिळे तो अनुभवातून, दर्शनातून नाहीतर मरणातून. परीक्षा देऊन मिळत नसे.

मराठी वाचकाला यातले बरेच ओळखीचे वाटेल. 'पर्ल'मधल्या मुलीची बहीण आपल्याकडे आहे: मुक्ताबाई. परंपरेने तिच्या नावावर असलेल्या ताटीच्या अभंगांत ती रुसून दार लावून बसलेल्या थोरल्या भावाची समजूत घालते, आणि चौदाशे वर्षांचा म्हणवणारा चांगदेव तिला गुरू करतो. ज्युलियन ख्रिस्ताला आई म्हणते. जनाबाई विठ्ठलाला विठाबाई करते आणि जात्यावर आपल्या शेजारी बसवते. जनाबाई स्वतःला नामदेवाची दासी म्हणवते, म्हणजे तिच्या सहीतच पुरुषाचे नाव आहे. पण त्याच अभंगांत ती देवाला कामाला लावते, भांडते, दटावते. देवाशी जिची एवढी सलगी, तिला पंडितांच्या परवानगीची गरज उरत नाही. बहिणाबाईचे (1628–1700) तसे नव्हते. तिला वेदाचा अधिकार हवा होता आणि तो नाही याचे दुःख तिने लपवले नाही. ब्राह्मण घरातल्या या बाईला तुकोबांनी स्वप्नात उपदेश केला म्हणून वैदिक नवऱ्याने तिला मारले. बाथच्या बाईने मार खाल्ला तो पुस्तकापायी, बहिणाबाईने गुरूपायी. फरक एवढाच, की बहिणाबाई खरी होती आणि तिने आत्मचरित्र स्वतः रचले.

या साऱ्यांच्या आधी महानुभाव पंथातली महदाइसा आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंच्या समोर तिने धवळे गाइले. विषय रुक्मिणीचे लग्न. रुक्मिणी म्हणजे भावाच्या इच्छेविरुद्ध स्वतः निरोप धाडून नवरा निवडणारी नायिका. मला मात्र महदाइसेचे मोठेपण 'लीळाचरित्रा'त अधिक दिसते. तिथे ती सतत प्रश्न विचारते. चक्रधर उत्तर देतात, ती पुन्हा विचारते, आणि म्हाइंभट हे सगळे मागाहून लिहून ठेवतो. पुढे नागदेवाचार्यांना कोणी संस्कृतात विचारले तेव्हा त्यांनी अडवले. संस्कृतात बोललात तर माझ्या म्हाताऱ्या बायका नागवल्या जातील, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. मराठी गद्याच्या पहिल्या मोठ्या पंथाने आपली भाषा ठरवली ती ऐकणाऱ्या म्हाताऱ्यांकडे पाहून. लेखकाचा अधिकार आपण शंभर वेळा मोजतो. ऐकणारीचा अधिकार क्वचितच मोजतो, आणि इथे तर भाषाच तिच्यामुळे ठरली.

आता गोव्याकडे वळू. इथला एक जुना पुरावा दगडाचा आहे. बाराव्या शतकातल्या गोव्याच्या कदंब राजा शिवचित्त परमाडीची राणी कमलादेवी हिने आजच्या बेळगाव जिल्ह्यातल्या देगाव इथे कमलनारायणाचे देऊळ उभारले. ते अजून उभे आहे, आणि तिचे दान शिलालेखात कोरलेले आहे. राणीला अधिकार होता आणि दगडावर नावही होते. गावच्या बाईचा शोध मात्र अशा दगडांत लागत नाही.

ग्रंथांकडे आलो तर 1526 सालची कृष्णदास शामाची मराठी 'श्रीकृष्णचरित्रकथा' समोर येते. कवी साष्टीतल्या केळशीचा. त्यानंतर जे नाव येते त्याने मला कायम अचंबित केले आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातला. बाथ शहर तिथून जवळच. म्हणजे चॉसरच्या त्या बाईचा हा शेजारीच म्हणायचा, दोनशे वर्षे मागाहून आलेला. 1579 च्या ऑक्टोबरात तो गोव्यात उतरला, साष्टीत राहिला आणि 1616 साली रायतूरला त्याचे 'क्रिस्तपुराण' रोमी लिपीत छापून निघाले. दहा हजारांवर मराठी ओव्या! त्याच्या मायदेशात त्या काळी मरियेच्या मूर्ती फोडून झाल्या होत्या, तिची तीर्थे मोडली होती. तिथे ज्या आईची बोलती बंद झाली तिला या माणसाने मराठीत बोलते केले. काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपल्याचे ध्यानात येते ते तिच्या, आणि मुलगा आढेवेढे घेत असताना वाढप्यांना तो सांगेल ते करा असे सांगते ती हीच. ओवीत ही गोष्ट आली की ती आपल्या मांडवातलीच वाटते: जेवणावळीत काय कमी पडले हे घरच्या थोरलीला आधी कळते आणि ती कुणाला न विचारता हुकूम सोडते.

तरीही एक फरक नजरेआड करता येत नाही. 'लीळाचरित्रा'त प्रश्न विचारायला महदाइसा असते. 'क्रिस्तपुराणा'च्या आरंभी आम्हाला आमच्या भाषेत पुराण द्या असे म्हणायला उठतो तो एक ब्राह्मण, पुरुष. मरिये देवमाता झाली, अंकुवारी झाली, पण ऐकणाऱ्या साष्टीकर बायकांना प्रश्न मिळाला नाही. ग्रंथाचा अभ्यास भाषेच्या अंगाने आणि धर्मप्रसाराच्या अंगाने भरपूर झाला. 1907 ची मंगळूरची जोसेफ सालढाणांची आवृत्ती आजही त्याचा पाया आहे. त्यातल्या स्त्रियांवर, हव्वेपासून मरियेपर्यंत, मराठीत स्वतंत्र ग्रंथ व्हायला हवा.

'सायबीण' हा शब्दही या इतिहासातच घडला. पोर्तुगीजांची 'नोसा सिन्योरा' म्हणजे आमची मालकीण. गोव्याने तिची सायबीण केली, साहेबाचे स्त्रीलिंग. पेडण्याच्या बाजूला याच्या तोडीचा शब्द आहे 'माउली'. पंढरीच्या वाटेवर माउली म्हटले की ज्ञानेश्वर, म्हणजे पुरुषाला लावलेले आईपण. पेडणे, सावंतवाडी, वेंगुर्ल्याकडे माउली म्हणजे गावची देवी: जिची शीव आहे, जमीन आहे, मानकरी आहेत. पहिल्या अर्थात माया आहे, दुसऱ्यात मालकी. मध्ययुगीन स्त्रीपात्रांचा विचार करताना आपण पहिल्या अर्थाकडे लवकर धावतो, असे मला वाटते. आईपणाचे गोडवे गायला सोपे असतात. मालकी मान्य करायला जड जाते.

पेडणे आणि डिचोली यांचे वेगळेपण इथेच कळते. तिसवाडी, साष्टी, बारदेश हे सोळाव्या शतकातच पोर्तुगीजांच्या हाती गेले, देवळे पडली, देव नद्या ओलांडून गेले. डिचोली त्यांच्याकडे गेली 1781 मध्ये आणि पेडणे 1788 मध्ये, सावंतवाडीकरांकडून. मधली दोन-अडीचशे वर्षे या दोन महालांत सातेरीची वारुळे, केळबायच्या मूर्ती, माउलीचे कौल जागच्या जागी राहिले. गाण्यांचेही तेच. इन्क्विझिशनने 1736 साली काढलेल्या हुकूमनाम्यात नव्या ख्रिस्ती लोकांनी काय करू नये याची लांबलचक जंत्री आहे, आणि तीत लग्नघरात ओव्या म्हणण्याला मनाई आहे. मला हा दस्तऐवज बायकांच्या वाङ्मयाला मिळालेली सर्वांत मोठी पावती वाटतो. ज्या शब्दाला वजन नाही त्याच्यावर कोणी बंदी घालत नाही. लग्नात हळद दळताना म्हटलेल्या ओळींत एक सगळी जुनी दुनिया शाबूत राहते, हे आपल्या साहित्याच्या इतिहासकारांना उमजण्याआधी इन्क्विझिशनला उमजले होते. ही बंदी पेडणे-डिचोलीत त्या वेळी चालत नव्हती. म्हणून तिथली ओवी हा गोव्यातल्या स्त्रियांच्या जुन्या बोलण्याचा सर्वांत कमी तुटलेला धागा आहे.

मग तिथे तरी देवीचा अधिकार बाईपर्यंत पोचला का? प्रामाणिक उत्तर: फारच थोडा. देवळात गाऱ्हाणे घालतो तो पुरुष. मूर्तीला फुलांच्या कळ्या लावून कौल मागतो तो पुरुष, आणि उजवी पडली की डावी याचा अर्थ सांगतो तोही पुरुष. मानकऱ्यांच्या यादीत घराण्यांची नावे असतात, ती पुरुषांवरून चालतात. निर्णय देवीचा, उच्चार गावकऱ्याचा. मार्जरी केंपच्या पुस्तकात बोलणारी बाई आणि लिहिणारा पुरुष होता. इथे बोलणारी देवी आणि उच्चारणारा पुरुष. त्याच देवळांत भाविणी होत्या. दिवा, झाडलोट, देवीची सेवा त्यांच्याकडे. देवीच्या एवढ्या जवळ असून समाजात त्यांच्या वाट्याला काय आले, ते राजाराम पैंगीणकरांच्या 'मी कोण?' या आत्मकथनात वाचावे. देवी स्वामिनी असल्यामुळे बाईचे भले होते असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने ते पुस्तक आधी वाचले पाहिजे.

तरी एक जागा आहे जिथे उच्चारही बाईचा आहे. ती म्हणजे धालोचा मांड. पौष महिन्यात, चांदण्या रात्री, सारवलेल्या अंगणात दिवा लागतो आणि बायका समोरासमोर दोन रांगा धरतात. एकमेकींच्या कमरेत हात घालून वाकत, मागे-पुढे होत गातात. एक रांग ओळ टाकते, दुसरी उचलते. मांडावर पुरुषाला जागा नाही. धरतरीला, वनदेवतेला, मांडाच्या देवाला हाक असते, मग माहेर येते, सासू येते, रामायण-महाभारत येते, आणि शेवटच्या दिवशी कुणाच्या अंगात रंभा येते. त्या घटकेला तिचे बोलणे गाव ऐकतो. ज्युलियनला दुखण्यात जे मिळाले ते इथे नाचात मिळते. फरक असा, की ज्युलियन खोलीत एकटी होती आणि रंभेच्या भोवती दोन रांगा उभ्या असतात. मध्ययुगीन युरोपच्या अभ्यासात एकट्या बाईच्या धीटपणाला फार महत्त्व मिळाले. आपल्याकडचा हा रांगेतला, एकमेकींच्या आधाराने आलेला अधिकार त्या मापाने मोजला तर हाती लागत नाही.

काम झालेच नाही असे मुळीच नाही. धर्मानंद कोसंबींचे चिरंजीव दामोदर, गोव्यात जन्मलेले, यांनी 1962 च्या 'मिथ अँड रिॲलिटी'त मातृदेवतांच्या ठाण्यांचा आणि गोव्याच्या गावकीचा अभ्यास मांडला. रा. चिं. ढेरे यांनी 'लज्जागौरी'त वारुळाची पूजा आणि भूदेवी यांचा धागा सातेरी-शांतादुर्गेपर्यंत आणला. दोघांनीही देवी समजावली. पूजा करणारी बाई त्यांच्या मांडणीच्या कडेला राहिली. इरावती कर्व्यांच्या 'युगान्त'ने (1967) कुंती-द्रौपदी-गांधारीला माणूस म्हणून वाचायला शिकवले, पण तो ग्रंथांतला वेध होता. तारा भवाळकरांनी ओव्यांतली सीता शोधली आणि बायकांच्या तोंडी रामायण कसे बदलते ते दाखवले. माझ्या मते या प्रश्नात मराठीतले सर्वांत मोठे पाऊल त्यांचे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी महाराष्ट्रात जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि गाणाऱ्या बाईचे नाव व गाव प्रत्येक ओवीसोबत जपले. गोव्यात विनायक खेडेकर, जयंती नायक, पांडुरंग फळदेसाई यांनी लोकगीते, विधी, मांड यांची नोंद केली नसती तर आपल्याकडे बोलायलाही काही उरले नसते.

उणीव राहते ती जोडण्याची. 'क्रिस्तपुराण' वाचणारे धालो ऐकत नाहीत, धालो नोंदवणारे 'लीळाचरित्र' उघडत नाहीत, आणि विद्यापीठात चॉसर शिकवणाऱ्याला शिरगाव फार तर जत्रेपुरते ठाऊक असते. कोकणी की मराठी या भांडणाने तर या गाण्यांचे फार नुकसान केले. पेडण्याच्या मांडावरच्या एकाच गाण्यात एक ओळ कोकणीची, एक मराठीची येते, आणि गाणारीला त्यात काही खटकत नाही. आपण मात्र ते गाणे कोणत्या कपाटात ठेवायचे यावर अडून बसलो.

दुसरी उणीव नावांची. छापलेल्या बऱ्याच संग्रहांत गाणे असते, तालुका असतो, कधी गाव असते. गाणारी 'एक वृद्ध स्त्री' असते. म्हाइंभटाने सातशे वर्षांपूर्वी महदाइसेचे नाव लिहून ठेवले. मोरजी, मांद्रे, मये, मुळगावच्या मांडावर आज ज्या पुढची ओळ टाकतात त्यांतल्या अनेकींना डझनांनी गाणी पाठ आहेत आणि मागे शिकायला पोरी थोड्या आहेत. मांडावर जाणाऱ्या लेकी-सुनांनी फोन चालू ठेवावा. आधी बाईने आपले नाव सांगावे, मग माहेरचे गाव, मग ही ओळ कोणाकडून शिकली तिचे नाव, आणि मग गावे. दुसरी रांग उचलेलच.